विचारण्याचं धाडस करणारा गणिताचा प्राध्यापक

समजा, चेण्यात आरोग्याचा सर्व्हे आलाय. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक मागे टाकून सर्व्हेवाली ताई गावात शिरते. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. कुणीतरी खुर्ची देतं, कुणीतरी पाणी आणतं आणि प्रश्न सुरू होतात. घरात माणसं किती? गॅस आहे का? कुणाला शुगर आहे का? मग घरातल्या वीस वर्षांच्या मुलाचा नंबर लागतो. वय सांग, शिक्षण सांग, तंबाखू खातोस का ते सांग. आणि मग पुढचा प्रश्न येतो. तुला आकर्षण कुणाबद्दल वाटतं? मुलींबद्दल, मुलांबद्दल, दोघांबद्दल, कुणाबद्दलच नाही, की सांगायचं नाही?

आई दारात उभी आहे. काका मोबाइल बघतायत, पण कान इकडेच. शेजारच्या मावशी सहज म्हणून डोकावल्यात. मुलगा काय उत्तर देईल? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय दिलं असतं?

तो पहिला पर्याय सांगून मोकळा होईल. ताई टॅबवर बोट ठेवेल आणि पुढच्या घरी जाईल. त्या एका टिचकीतून एक आकडा तयार होईल. दिल्लीतल्या कुठल्यातरी तक्त्यात तो जाऊन बसेल. तो चुकीचा आहे हे कुणालाच कधी कळणार नाही.

ही कल्पना आहे, कारण आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न विचारलाच जात नाही. म्हणजे आपल्यापुढे दोनच गोष्टी आहेत. न विचारलेला प्रश्न, किंवा चुकीच्या जागी विचारलेला प्रश्न. यापेक्षा वेगळं काही करता येतं का, याचं उत्तर शोधताना शंभर वर्षं मागे जावं लागतं. तिथे मुंबईत, गिरगावात, एक गणिताचा प्राध्यापक भेटतो. त्याने कधी सर्व्हे केला नाही. पण कुठल्याही सर्व्हेच्या आधी जे करावं लागतं, ते त्याने आयुष्यभर केलं. त्याचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. मराठी वाचकांचे ‘रधों’.

बहिष्कार पाहिलेलं लहानपण

रधोंचा जन्म १४ जानेवारी १८८२चा, दापोलीजवळच्या मुरुडचा. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपण ज्यांना महर्षी कर्वे म्हणतो तेच. रघुनाथ हा त्यांचा थोरला मुलगा. १८९१ मध्ये आई राधाबाई गेल्या, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न केलं, तेही विधवेशी. गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई. त्या काळी विधवेशी लग्न म्हणजे गावाने तोंड फिरवण्याचं कारण. मुरुडने तेच केलं, कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला.

म्हणजे अकराव्या वर्षीच या मुलाने एक गोष्ट जवळून पाहिली. घरातल्या खासगी निर्णयावर गाव शिक्षा देऊ शकतं. आणि माणूस ठाम असेल, तर ती शिक्षा सोसून पुढे जाऊही शकतं. वडिलांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. त्यांच्या कामाला हळूहळू मान मिळाला, शेवटी ‘भारतरत्न’ही मिळालं. मुलाच्या वाट्याला मात्र बहिष्कारच जास्त आला.

रघुनाथ अभ्यासात जबरदस्त हुशार. १८९९च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, १९०४ मध्ये बी.ए. विषय आवडीचा, गणित. पुढे तेच शिकवायला लागले. १९१९ मध्ये गणिताच्या वरच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच चांगली येत होती, वाचन अफाट होतं. लैंगिकतेवर युरोपात जे नवं शास्त्रीय लेखन चाललं होतं, तेही ते वाचत होते. आपल्याकडे ज्याचं नाव काढलं तरी माणसं इकडेतिकडे बघायची, त्या विषयावर तिकडे डॉक्टर आणि संशोधक जाडजूड ग्रंथ लिहीत होते.

१९२१चं केंद्र आणि गेलेली नोकरी

पॅरिसहून परत आल्यावर रधों मुंबईत विल्सन कॉलेजमध्ये गणित शिकवत होते. गिरगाव चौपाटीसमोरची ती दगडी इमारत तुम्ही पाहिली असेल. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. देशातलं हे या प्रकारचं पहिलं केंद्र मानलं जातं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही १९२१ मध्येच. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या बरोबरीने चालत होती. १९२३ मध्ये संततिनियमनावरचं त्यांचं पुस्तक आलं.

आज दवाखान्याच्या भिंतीवर कंडोमची पाटी दिसते आणि आपण वाचून पुढे जातो. तेव्हा तसं नव्हतं. बाईला मूल किती आणि कधी हवं हे तिने ठरवावं, हे म्हणणंच लोकांना अश्लील वाटायचं. गांधीजींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता, त्यांचा भर संयमावर. कर्व्यांना तो सल्ला अव्यवहारी वाटे. माणसं जशी वागतात ते आधी नीट समजून घ्या, मग काय करायचं ते ठरवा, अशी त्यांची रीत होती.

कॉलेजच्या मिशनरी चालकांना हे पसंत पडणं शक्यच नव्हतं. हे काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला. १९२५ मध्ये रधोंनी नोकरी सोडली. पगार गेला, प्रतिष्ठा गेली. वय त्रेचाळीस. पत्नी मालतीबाई त्यांच्याबरोबर ठाम उभ्या राहिल्या. स्वतःला मूल नको हा निर्णयही दोघांनी मिळून घेतला होता. लोकांना सांगायचं ते आधी घरात केलेलं होतं.

पत्रांची पेटी

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. लैंगिक शिक्षण, लैंगिक आरोग्य, स्त्रीपुरुष संबंध हे त्याचे विषय. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, त्यामुळे कित्येक घरांत अंक लपूनछपूनच वाचला जाई. रधोंनी हे मासिक जवळपास एकहाती चालवलं. जाहिराती कमी, पैसा कमी, शिव्या भरपूर. तरी ते सव्वीस वर्षं चाललं.

या मासिकातली सगळ्यात महत्त्वाची जागा होती वाचकांच्या प्रश्नांची. लोक पत्र लिहायचे, रधों उत्तर द्यायचे. हस्तमैथुनाने शरीर खंगतं का? लग्नानंतर असं होतं ते बरोबर की चूक? गुप्तरोग झाला तर काय करायचं? आणि काही पत्रं अशीही यायची, ज्यात पुरुषाला पुरुषाबद्दल वाटणाऱ्या ओढीबद्दल विचारलेलं असे. घरात, देवळात, वैद्याकडे, कुठेच विचारता न येणारी गोष्ट माणूस पाकिटात घालून गिरगावला पाठवत होता.

आता इथे जरा गणिताच्या तासाला बसल्यासारखं बसू. या पत्रांवरून महाराष्ट्रात किती समलिंगी माणसं होती ते काढता येईल का? अजिबात नाही. १९३१च्या जनगणनेनुसार देशात दहापैकी नऊ माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे पत्र लिहिणारा आधी साक्षर हवा. मग मराठी वाचणारा हवा, मासिक विकत घेणारा हवा आणि वर हिंमतवाला हवा. एवढ्या चाळण्यांतून जो खाली उतरला, त्याचंच पत्र पोचलं. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना हे लगेच कळेल. हा नमुना पूर्ण एकतर्फी आहे.

पण पत्रांनी दुसरी एक गोष्ट सिद्ध केली. प्रश्न आहेत. ते आपल्याच भाषेत आहेत, आपल्याच गावांतून येतात. हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नसतं, या दाव्याला खोटं ठरवायला मोठा सर्व्हे लागत नाही. एक खरं पत्रही पुरतं.

आणि ते पत्र का आलं, हेही बघा. लिहिणाऱ्याला माहीत होतं की पलीकडचा माणूस हसणार नाही, नाव फोडणार नाही, नीट उत्तर देईल. हा भरवसा रधोंनी कमावला होता, म्हणून पत्रं आली. चेण्यातल्या त्या ओट्यावर हाच भरवसा नाहीये.

कोर्टात उभे राहिलेले प्रश्न

व्हायचं तेच झालं. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि रधोंना शंभर रुपये दंड झाला. वरच्या कोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. १९३४ मध्ये दुसरा खटला आला आणि या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध, हे त्या प्रश्नांचे विषय.

या खटल्यात रधोंच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेला होता, बाबासाहेब देशाच्या राजकारणात आघाडीवर होते. अशा माणसाने एका छोट्या, बदनाम मासिकाची बाजू घेणं सोपं नव्हतं. त्यांच्यावरही टीका होणार हे उघड होतं. तरी त्यांनी केस घेतली.

त्यांचा युक्तिवाद साधा आणि सरळ होता. मासिक जर लैंगिक शिक्षणाचं आहे आणि सामान्य वाचक त्यात खरोखर प्रश्न विचारतायत, तर उत्तर का देऊ नये? उत्तर द्यायचं नाही म्हटलं, तर मासिकच बंद करावं लागेल. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, हा कोर्टाचा मुद्दा होता. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की विकृती असलीच तर ती ज्ञानाने जाते, लपवून जात नाही. समलिंगी ओढीबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार दिला. ही ओढ काही माणसांत मुळातच असते, हे एलिस यांनी आधीच मांडलं होतं.

केस हरली. रधोंना दोनशे रुपये दंड झाला. त्यांनी तो भरला आणि मासिक पुढे चालू ठेवलं.

आपण या खटल्याकडे अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा खटला म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. कोर्टाने शिक्षा दिली ती प्रश्नोत्तराला. प्रश्न छापणं आणि त्याला उत्तर देणं हाच गुन्हा ठरला. जिथे प्रश्न विचारणं हाच गुन्हा आहे, तिथे मोजणी करणार कोण?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रधोंची सगळी मतं आज जशीच्या तशी घेता येणार नाहीत. त्यांच्या काळच्या संततिनियमनाच्या चळवळीत चांगली प्रजा, कमअस्सल प्रजा असल्या कल्पना मिसळलेल्या होत्या, त्या आपण आज नाकारतो. समलिंगी, ट्रान्सजेंडर, क्वीअर हे शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ तेव्हा घडलेलाच नव्हता. त्यांच्याकडून घ्यायची आहे ती पद्धत. विचारणाऱ्याला शरम वाटू द्यायची नाही आणि उत्तर शास्त्राच्या आधारावर द्यायचं.

तिकडे अमेरिकेत

रधों उतारवयात मासिक रेटत होते, तेव्हा अमेरिकेत दुसरा एक प्राध्यापक हीच गोष्ट आकड्यांत धरायला निघाला होता. आल्फ्रेड किन्सी. मूळचा कीटकांचा अभ्यासक. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांना समोर बसवून त्यांच्या लैंगिक आयुष्याबद्दल विचारलं. उत्तरं सांकेतिक खुणांत लिहायची, म्हणजे कागद हाती लागला तरी कुणाला काही कळू नये. अमुक केलं आहे का असं विचारण्यापेक्षा पहिल्यांदा कधी केलं असं ते विचारत. म्हणजे समोरच्याला नाही म्हणायचं असेल तर म्हणू दे, पण हो म्हणायला लाज वाटू नये.

१९४८ मध्ये पुरुषांवरचं पुस्तक आलं. त्यात ०पासून ६पर्यंतची एक मोजपट्टी होती. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी आणि मधे बरीच माणसं. जग दोन डब्यांत विभागलेलं नाही, हे त्या पट्टीने लोकांना दाखवलं. पण किन्सीच्या आकड्यांवर संख्याशास्त्रज्ञांनी खरपूस टीका केली. त्याच्या नमुन्यात तुरुंगातले कैदी आणि आपणहून पुढे आलेले लोक जास्त होते. म्हणजे अडचण तीच, रधोंच्या पत्रांची. बोलायला तयार असणारे लोक म्हणजे सगळे लोक नव्हेत.

किन्सीचं स्त्रियांवरचं पुस्तक सप्टेंबर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रधों गेले. मालतीबाई आधीच गेल्या होत्या. वडील तेव्हा हयात होते, पंचाण्णव वर्षांचे. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि ‘समाजस्वास्थ्य’ थांबलं.

मग आज मोजतो काय?

रधों गेले, पण त्यांचा प्रश्न संपला नाही. आज आपल्याकडे आकडे आहेत, फक्त ते नेमकं काय मोजतात हे बघायला हवं.

लैंगिकता मोजायची म्हटलं की त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी येतात. आकर्षण कुणाबद्दल वाटतं, ही एक. प्रत्यक्ष संबंध कुणाशी येतो, ही दुसरी. आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो, म्हणजे ओळख, ही तिसरी. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात वेगवेगळ्या असू शकतात. एखाद्याला पुरुषांचं आकर्षण असेल, पण घरच्यांनी बायकोशी लग्न लावून दिलेलं असेल आणि स्वतःला तो कोणतंच नाव देत नसेल. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार? शिवाय आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत की आणखी कुणी, ही लिंगभावाची गोष्ट पूर्ण वेगळी. ती आकर्षणात मिसळली की सगळा गोंधळ होतो.

एचआयव्हीच्या साथीमुळे आपल्या सरकारला पहिल्यांदा याकडे बघावं लागलं. तिथे मोजलं गेलं ते वर्तन. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, इंग्रजी आद्याक्षरांनी एमएसएम. आजार रोखायला ही व्याख्या उपयोगाची होती, तिने जीव वाचवले. पण ती आजाराच्या खिडकीतून बघते. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया या खिडकीतून जवळपास दिसतच नाहीत. त्यांचं नैराश्य, त्यांच्यावर होणारी जबरदस्ती, डॉक्टरकडे जायची त्यांची भीती, यांची नोंद होणार कुठे?

यातून काय घडतं त्याचं उदाहरण कोर्टातच सापडतं. कलम ३७७च्या खटल्यात आरोग्य मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की देशात अंदाजे २५ लाख एमएसएम आहेत. हा वर्तनाचा अंदाज होता. बातम्यांत तो देशातल्या समलिंगी पुरुषांचा आकडा होऊन फिरला. आणि डिसेंबर २०१३ मध्ये कोर्टाने ते कलम कायम ठेवलं, तेव्हा दिलेल्या कारणांत एक असंही होतं, की हे लोक लोकसंख्येचा अगदी नगण्य हिस्सा आहेत. ज्यांना मोजलंच नव्हतं, त्यांना कमी आहात म्हणून बाजूला सारलं गेलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही चूक दुरुस्त केली. हक्क मिळायला संख्या मोठी असावी लागत नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं.

२०११च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर ‘इतर’ असा पर्याय होता. देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांची नोंद त्यात झाली, महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार. पण घराची माहिती सहसा एकच माणूस सांगतो. घरच्यांनी नाकारलेल्या मुलाची किंवा मुलीची नोंद त्या घरात खरी होईल का, हे तुम्हीच सांगा. शिवाय ही मोजणी लिंगभावाची, आकर्षणाची नाही.

बाहेर सगळं छान चाललंय असंही नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सोळा वर्षांवरच्या सगळ्यांना लैंगिक कल विचारला गेला. उत्तर देणं ऐच्छिक होतं. ३.२ टक्के लोकांनी स्वतःला गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा तसं इतर काही म्हटलं. पण ७.५ टक्के लोकांनी उत्तरच दिलं नाही. म्हणजे गप्प राहणारे दुपटीहून जास्त. त्याच जनगणनेतला लिंगभावाचा प्रश्न इंग्रजी कमी येणाऱ्या काही लोकांना नीट कळलाच नसावा, अशी शंका नंतर आली आणि तो आकडा जपून वापरा असं सांगावं लागलं. प्रश्नातल्या शब्दांनी आकडा बदलतो. मराठीत हा प्रश्न विचारायचा तर कोणत्या शब्दांत? पुस्तकी शब्द वापरले तर पाड्यावरच्या माणसाला कळणार नाहीत आणि बोलीतले बरेचसे शब्द शिव्या म्हणूनच वापरले जातात.

गणिताची एक युक्ती

रधोंना आवडली असती अशी एक युक्ती गणितात आहे. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये तिची मूळ कल्पना मांडली. तिचं सोपं रूप असं. प्रत्येकाने एकट्याने नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. विचारणाऱ्याला नाणं दिसत नाही, त्यामुळे कुणाचं ‘हो’ नाण्यामुळे आणि कुणाचं खरं, हे कळत नाही. पण हिशेब लागतो. शंभरात ५८ जण ‘हो’ म्हणाले, तर त्यातले साधारण ५० नाण्याचे. उरलेल्या पन्नासांत ८ खरे, म्हणजे १६ टक्के. कुणाचंही गुपित न फोडता आकडा मिळाला.

आपल्या सर्व्हेवाल्यांना अशी काळजी घेता येत नाही असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात आणि तेही पूर्ण एकांत मिळाला तरच. नाहीतर ते प्रश्न सोडून द्यायचे, असा नियमच आहे. म्हणजे नाजूक प्रश्न कसा विचारायचा हे आपल्याला माहीत आहे. फक्त हा विषय त्या काळजीच्या लायकीचा आहे, असं अजून ठरलेलं नाही.

पुन्हा चेण्यात

तुमच्यापैकी कितीतरी जण कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सर्व्हे करत असतील. एनएसएसचा कॅम्प असेल, सोशल वर्कचा किंवा सायकॉलॉजीचा असेल. फॉर्म बनवून ग्रुपवर टाकला की झालं, असं वाटतं. एकदा तो फॉर्म रधोंच्या नजरेने बघा. नाव आणि फोन नंबर खरंच हवाय का? भरणारा कुणासमोर बसून भरतोय? ‘सांगायचं नाही’ हा पर्याय आहे का? आकर्षण, वर्तन आणि ओळख यांपैकी आपण नेमकं काय विचारतोय? आणि उत्तर मिळाल्यावर त्या माणसाला आपण काय देणार आहोत? नुसता आकडा घेऊन निघून जाणार असू, तर त्याने का सांगावं? रधोंकडे येणाऱ्या प्रत्येक पत्राला उत्तराची आशा होती, म्हणून ते लिहिलं जात होतं.

आणि तुम्ही फॉर्म बनवणाऱ्यांतले नसाल, त्या ओट्यावर बसलेल्या मुलासारखे किंवा मुलीसारखे असाल, तर एवढं लक्षात ठेवा. त्या दिवशी तुम्ही पहिला पर्याय सांगितलात, तर तो तुमचा खोटेपणा ठरत नाही. प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला होता.

रधोंनी नोकरी घालवली, दोनदा दंड भरला, सव्वीस वर्षं मासिक चालवलं आणि एकही आकडा मागे ठेवला नाही. त्यांनी मागे ठेवली ती विचारण्याची रीत. ती घेऊन चेण्यातल्या ओट्यापर्यंत जायचं काम आता तुमच्या पिढीचं आहे. पुढच्या वेळी सर्व्हे आला, की निदान आईला, काकांना आणि शेजारच्या मावशींना दहा मिनिटं आत बसायला सांगा.